धक्का बांधला, पण पाटीवालीला जागा कुठे?

लहान मासेमारी बंदरांचा सरकारी पैसा आणि आपली घरे

कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या चाळींत आणि वस्त्यांत बुधवारचा व रविवारचा स्वयंपाक मासळीच्या भावावर ठरतो. पापलेट-सुरमई आपल्या ताटात क्वचित येते. आपला आधार म्हणजे बोंबील, मांदेली, बांगडा, खाडीची कोलंबी. आणि पावसाळ्यात जवळा, सुकट, सुके बोंबील. ज्या घरात मटण महिन्याकाठी एखाद्या वेळी शिजते, त्या घरात पोरांच्या अंगाला लागणारे अन्न पुष्कळदा हेच असते.

भाव वाढला की आपण दारावर आलेल्या मावशीशी घासाघीस करतो. पण भाव ती एकटी ठरवत नाही. मासा जाळ्यातून निघाल्यापासून आपल्या दारात येईपर्यंत वाटेत जेवढे नुकसान होते, ते सगळे त्या भावात येऊन बसते. होडीला आत शिरायला पाणी नव्हते म्हणून ती बाहेर थांबली, त्याचे डिझेल त्यात आले. बर्फ वेळेवर मिळाला नाही म्हणून अर्धी पाटी मऊ पडली, तिचा तोटा त्यात आला. धक्क्यावर गोडे पाणी नाही, सावली नाही, वाहन जाईल असा रस्ता नाही, त्याचीही किंमत त्यातच आली. ती किंमत थोडी मावशी भरते आणि थोडी आपण.

हे नुकसान कमी करण्याचा मार्ग म्हणजे नीट बांधलेले आणि नीट चालवलेले लहान बंदर. त्यासाठी सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचा पैसा खर्च होतो. कापडगिरणीत राबलेला, नाक्यावर उभा राहणारा, पालिकेत झाडू मारणारा प्रत्येक माणूस काडेपेटीपासून साबणापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरतो. म्हणून हा विषय केवळ कोळीवाड्याचा नाही, आपलाही आहे. तो पैसा येतो कसा, जातो कुठे आणि कोणापर्यंत पोचत नाही, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

लहान बंदर म्हणजे काय?

बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईची गोदी येते. मासेमारीचे लहान बंदर ही फार साधी गोष्ट आहे. होड्या लागायला एक धक्का, त्याच्यापुढे पुरेसे खोल पाणी, लाटा अडवायला गरज पडल्यास बांध, लिलावासाठी छप्पर, जाळी विणायला व दुरुस्त करायला शेड, मासळी सुकवायला ओटे, बर्फ, गोडे पाणी, दिवे, संडास-मुतारी आणि मुख्य रस्त्यापर्यंतची वाट. यातले थोडेच असेल तर सरकारी भाषेत त्याला मासळी उतरविण्याचे केंद्र म्हणतात. सगळे असेल तर मत्स्यबंदर म्हणतात.

यातली एक गोष्ट कमी पडली तरी बाकीच्या गोष्टींची किंमत उतरते. धक्का आहे पण समोर गाळ साचलेला आहे, तर होडी भरतीखेरीज लागत नाही. लिलावाचे छप्पर आहे पण पाणी नाही, तर मासळी खाडीच्याच गढूळ पाण्यात धुवावी लागते. बर्फाचा कारखाना आहे पण वीज जाते, तर पुन्हा बाहेरून बर्फ आणावा लागतो.

आपल्या जिल्ह्याचे पाणी

आपला भाग बंदरांना नवा नाही. कल्याणचे नाव सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत. त्यांत कल्याणच्या एका सोनाराने, सामिदत्ताने, पाण्याची पोढी म्हणजे टाके दान दिल्याची नोंद आहे. या बंदरावर कमावलेल्या पैशातून भिक्खूंच्या आणि वाटसरूंच्या तहानेची सोय झाली होती. पुढे १६५७ साली कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीत जहाजे बांधायला घेतली.

मग हे बंदर मागे का पडले? गाळ हे एक कारण. दुसरे कारण आगगाडी. १८५३ साली ती ठाण्याला आली, १८५४ साली कल्याणला पोचली. खाडीतून गलबतांनी जाणारा माल रुळांवर गेला. माल गेला तसे सरकारचे लक्षही गेले. खाडीकाठी उरले ते कोळी, आगरी आणि रेती उपसणारे मजूर. ठाण्याची चेंदणी, कळवा, खारेगाव, कोलशेत, मुंब्रा, दिवा, डोंबिवलीचे मोठागाव, कल्याणचा दुर्गाडीखालचा किनारा अशी ही सगळी रांग आहे.

खुल्या समुद्रावरची मोठी मासेमारी गावे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात उत्तरेला होती. सातपाटी, डहाणू, अर्नाळा, वसई ही त्यांतली नावे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ही गावे तिकडे गेली. ठाणे जिल्ह्याकडे खुला समुद्र उरला तो मुख्यतः उत्तन-भाईंदर बाजूचा. बाकी सगळी खाडी. जिल्हा तुटला तरी मासळीची वाट तुटलेली नाही. सातपाटीचे पापलेट, उत्तनचे सुके बोंबील, भाऊच्या धक्क्यावरची मिसळ मासळी अजूनही ठाणे-कल्याणच्या बाजारात येते.

सातपाटीचे उदाहरण शिकण्यासारखे आहे. तिथल्या मच्छीमारांनी सहकारी संस्था उभ्या केल्या. मासळी गोळा करणे, बर्फ देणे, विकणे ही कामे संस्थांमार्फत केली आणि पापलेटचे गाव म्हणून नाव मिळवले. याच पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा ठरविण्यात आले. पण त्याच सातपाटीची खाडी गाळाने भरत गेली. भरतीची वेळ साधल्याशिवाय होड्यांना ये-जा करणे कठीण झाले. मासा राज्याचा झाला, तरी त्याला उतरायला बारमाही पाणी मिळाले नाही.

पैसा येतो कुठून?

मासेमारी बंदरांसाठी केंद्र सरकारची मदत १९६४ पासून सुरू आहे. योजनांची नावे बदलत गेली. १९९५-९६ पासून नाबार्डचा ग्रामीण पायाभूत विकास निधी सुरू झाला आणि राज्ये त्यातूनही धक्के बांधू लागली. २०१८ साली मत्स्यव्यवसायाच्या पायाभूत सोयींसाठी ७,५२२ कोटींचा निधी जाहीर झाला. २०२० साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली, ती २०,०५० कोटींची. पाच वर्षांसाठी आलेल्या या योजनेची मुदत पुढे २०२५-२६ पर्यंत वाढविण्यात आली.

हे आकडे ऐकून कोणाचेही डोळे दिपतील. पण घरातली बाई महिन्याचा हिशेब करताना पगाराचा आकडा आणि हातात आलेले पैसे यांतला फरक ओळखते. तसाच हा हिशेबही उलगडून पाहू.

मत्स्यसंपदा योजनेच्या २०,०५० कोटींपैकी केंद्राचा वाटा ९,४०७ कोटी, राज्यांचा ४,८८० कोटी, आणि उरलेले ५,७६३ कोटी लाभार्थ्यांनी स्वतः उभे करायचे. म्हणजे चौथा हिस्सा आणि वर थोडे पैसे सरकारचे नाहीतच. ते होडीवाल्याचे, तळेवाल्याचे, मासे विकणाऱ्या बाईचे आहेत. तिच्या खिशातला पैसाही योजनेच्या आकड्यात मोजला जातो.

२०१८ च्या ७,५२२ कोटींच्या निधीत तर बहुतेक भाग कर्जाचा आहे. ५,२६६ कोटी कर्ज देणाऱ्या संस्थांचे, १,३१६ कोटी कर्ज घेणाऱ्यांच्या पदरचे, आणि केंद्राच्या अंदाजपत्रकातून ९३९ कोटी. सरकार देते ती व्याजातली सूट, वर्षाला ३ टक्क्यांपर्यंत. मुद्दल परत करायची असते, तीही बारा वर्षांत.

कर्ज वाईट नव्हे. पण ज्या धक्क्यावरून चार पैसे जमतात त्याच धक्क्याला कर्ज परवडते. दहा-वीस लहान होड्या लागणाऱ्या खाडीतल्या धक्क्याला ते परवडत नाही. अशा ठिकाणी लागते ते अनुदान. ते मिळण्याची जवळची जागा म्हणजे जिल्हा नियोजन समिती. जिल्हा योजनेत लहान मासेमारी बंदरांच्या विकासाचे काम बसू शकते. पालकमंत्री अध्यक्ष असलेल्या या समितीवर जिल्हा परिषद आणि पालिकांचे निवडून आलेले सदस्य असतात. आपण ज्यांना मते देतो, तेच तिथे बसतात.

पैसा मंजूर होऊनही काम का रखडते, तेही समजून घ्यायला हवे. आधी किनाऱ्याची पाहणी होते. लाट किती, गाळ किती, खडक कुठे, हे मोजावे लागते. या कामासाठी केंद्र सरकारची एक संस्था बंगळूरला १९६८ पासून आहे. मग अहवाल, मग सागरी किनारा नियमांची परवानगी, मग प्रशासकीय मंजुरी, मग निविदा. पैसा मत्स्यव्यवसाय खात्याचा, आणि बांधकाम पुष्कळदा १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. आतल्या रस्त्याचे व पाण्याचे काम पालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे. चार दारे, चार चाव्या. एका दाराशी कागद थांबला की धक्का बांधून तयार असतो आणि पाण्याची तोटी कोरडी राहते.

बांधून झाल्यावरचा खर्च तर कोणाच्या लक्षातच येत नाही. गाळ एकदा काढला की संपला असे होत नाही. नदी आणि भरती दर वर्षी नवा गाळ आणतात. बांधकामाला उद्घाटन असते, नारळ असतो, फलक असतो. गाळ काढण्याला यातले काहीच नसते. म्हणून तो खर्च मागे पडतो.

मोठे बंदर, लहान बंदर

डहाणू तालुक्यातील वाढवण येथे मालवाहतुकीचे प्रचंड बंदर उभारण्याला केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी. त्यात खासगी भागीदारांचाही पैसा आहे. सबंध देशाच्या मत्स्यसंपदा योजनेचा जो आकडा वर दिला, त्याच्या जवळजवळ चौपट रक्कम या एका बंदरावर आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याची पायाभरणी झाली. त्याच कार्यक्रमात देशभरच्या २१८ मत्स्यव्यवसाय प्रकल्पांचाही आरंभ झाला. त्या सगळ्यांची मिळून रक्कम होती सुमारे १,५६० कोटी. एकाच मांडवात दोन पंगती बसल्या होत्या. कोणत्या पानात किती वाढले, हे आकडेच सांगतात.

१९९८ साली डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना, याच वाढवणचे बंदर नाकारले होते. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने संमती दिली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा आणि शेतकऱ्यांचा विरोध या सर्व काळात चालू होता. आमचे म्हणणे एवढेच की, मोठ्या बंदराला जागा देताना ज्यांची मासेमारीची जागा जाते, त्यांचे लहान बंदर आधी नीट करून द्यावे. नंतर देऊ म्हणणाऱ्यांचा अनुभव या देशातल्या गरिबांना धरणांपासून आहे.

आपल्या खाडीतही असेच दुहेरी चित्र आहे. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला. डोंबिवली, काल्हेर, कोलशेत आणि मीरा-भाईंदर येथे प्रवासी जेट्टी बांधण्याचे काम सागरमाला योजनेतून घेण्यात आले. लोकलमध्ये लोंबकळत जाणाऱ्या कामगाराला बोटीचा रस्ता मिळणार असेल तर त्याचे स्वागतच आहे. पण ज्या काठावर जेट्टी होते तिथे पिढ्यान्‌पिढ्या होडी लावणारा माणूस असतो. नव्या जेट्टीच्या नकाशात त्याच्या होडीला एक कोपरा आणि त्याच्या बायकोच्या पाटीला एक ओटा आखायला फारसा जादा खर्च येत नाही. तो आखला जावा, एवढी मागणी करायला हवी.

पाटीवाली कोणाच्या हिशेबात आहे?

मासेमारीत समुद्रावर जातो तो पुरुष. होडी किनाऱ्याला लागली की पुढचे काम बाईचे. निवडणे, धुणे, बर्फात घालणे, लिलावात बोलणे, पाटी डोक्यावर घेणे, मालडब्यातून प्रवास करणे, बाजारात बसणे, उरलेली मासळी खारवणे आणि सुकवणे. धक्क्याची लांबी मीटरमध्ये मोजली जाते, होड्यांची अश्वशक्ती मोजली जाते. या बाईच्या कामाला मात्र मोजमाप नाही, म्हणून अहवालात ते दिसत नाही.

भाऊचा धक्का किंवा ससून गोदी गाठण्यासाठी ती पहाटे काळोखात घर सोडते. तिला धक्क्यावर संडास नसेल तर ती पाणी पीतच नाही. हे दुखणे केवळ कोळीणीचे नाही. आपल्या ज्या भगिनी घरकामाला, बांधकामावर किंवा बाजारात जातात, त्यांना ते सांगावे लागत नाही. दिवसभर पाणी न पिण्याने मूत्राशयाचे व मूत्रपिंडाचे आजार जडतात. दहा-वीस कोटींच्या धक्क्यात बायकांचा एक स्वच्छ, दार लागणारा, पाणी असलेला संडास ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी करायची गोष्ट असते. नेमकी तीच राहून जाते.

सुक्या मासळीचेही तसेच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. माशांना वाढायला वेळ मिळावा म्हणून ती आवश्यकच आहे. त्या दिवसांत आपल्या घराला सुकी मासळी आधार देते. आपल्या वस्त्यांतल्या काही बायाही आठवडी बाजारात सुकटीची पाटी मांडून संसार चालवतात. वाळूवर पसरून सुकवलेल्या जवळ्यात वाळू येते, कुत्री फिरतात, एका अवकाळी सरीत सगळा माल जातो. तोच जवळा सिमेंटच्या उंच ओट्यावर किंवा जाळीच्या मांडणीवर सुकवला, वर ताडपत्रीची सोय असली, की स्वच्छ राहतो आणि भावही बरा येतो. ओट्याला काही कोटी लागत नाहीत. पण ओटा कोणी मागितलाच नाही, तर नकाशात येणार कसा?

केरळात तिरुवनंतपुरमला २०२१ साली राज्याच्या परिवहन महामंडळाने आणि मत्स्यव्यवसाय खात्याने मिळून मासे विकणाऱ्या स्त्रियांसाठी 'समुद्र' नावाच्या तीन बसगाड्या सुरू केल्या. पाट्यांसह, विनातिकीट. पैसा सरकारचाच, पण विचार पाटीपासून सुरू केला म्हणून तो पाटीपर्यंत पोचला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या सदस्य देशांनी २०१४ साली लहान मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. मासा पकडल्यानंतरचे काम आणि ते करणाऱ्या स्त्रिया हाही मासेमारीचाच भाग आहे, असे त्यांत मानलेले आहे.

सार्वजनिक पैसा, सार्वजनिक हक्क

सरकारी पैशाने बांधलेली जागा कोणाची, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा राखलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. तो मंजूर झाला, पण अंमलात आला नाही. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांत चार वर्षांचे अंतर होते, आणि तेही लोक चालत गेले तेव्हाच तुटले. पुढे संविधानाच्या १५ व्या कलमात तेच तत्त्व आले. राज्याच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणे वापरण्यापासून धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणालाही अडवता येत नाही.

आज धक्क्यावर कोणी पाटी लावून बाईला अडवत नाही. पण जिथे तिच्यासाठी ओटा नाही, नळ नाही, संडास नाही, तिथे ती आपोआपच बाहेर राहते. म्हणून बंदराचा पैसा मागताना किती मीटर धक्का एवढेच विचारू नये. किती नळ, किती ओटे, किती संडास, किती दिवे, हेही विचारावे.

खाडी मेली तर धक्का कशाला?

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही. उल्हास आणि वालधुनी नद्यांतून कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी वर्षानुवर्षे खाडीत येत राहिले. बोय, जिताडा, निवटी, चिंबोरी यांवर जगणाऱ्या खाडीकाठच्या घरांची चूल त्यानेच विझली. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि पालिका यांना दोषी धरून मोठ्या रकमा भरण्याचा आदेश दिला. ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले. २०२२ साली ती जागतिक महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर यादीत गेली. पक्ष्यांचे भले झाले याचा आनंदच आहे. पण पक्षी आणि कोळी दोघेही त्याच चिखलातल्या जिवांवर जगतात. पाणी स्वच्छ झाले नाही तर नवा धक्का हा फक्त उभे राहून खाडी पाहायचा कट्टा होईल.

ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या कामाने मासेमारी बुडते म्हणून वाशीच्या मच्छीमार संस्थेने न्यायालयात दाद मागितली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा बाधितांच्या भरपाईचे धोरण आखण्यास सांगितले. संघटित होऊन, कागद जमवून, शेवटपर्यंत लढले की काय होते याचे हे आपल्या शेजारचे उदाहरण आहे.

आपण काय करू शकतो?

वाचक बंधू-भगिनींनो, हे वाचून 'आपण काय करणार' असे म्हणून पान उलटू नका. करण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिले. आपल्या घरात वा शेजारी कोणी ओली-सुकी मासळी विकत असेल तर तिला हे सांगा. मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना ६० टक्क्यांपर्यंत मदत ठेवलेली होती. बर्फपेटीची सायकल १० हजार, बर्फपेटीची मोटारसायकल ७५ हजार, बर्फपेटीची तीनचाकी ३ लाख अशी किंमत त्यात धरलेली होती. म्हणजे तीनचाकीला १ लाख ८० हजार मदतीचे, १ लाख २० हजार स्वतःचे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळतात. त्यासाठी जातीचा दाखला नीट असू द्या. पुढची योजना कोणत्याही नावाने येवो, अर्ज करायची जागा जिल्ह्याचे मत्स्यव्यवसाय कार्यालयच असते. अनुदान बहुधा खर्च झाल्यावर हाती येते. म्हणून बचतगटाने आधी त्या स्वतःच्या हिश्शाची सोय करावी. सावकाराचे व्याज भरून घेतलेले अनुदान शेवटी सावकारालाच मिळते.

दुसरे. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने प्रत्येक शहरात विक्री समिती असते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व असावे, असे कायदा म्हणतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही पालिकांना हा कायदा लागू आहे. यादीत नाव नसेल तर मतही नाही. आधी नाव नोंदवा.

तिसरे. माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर आहे. दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते की, गेल्या पाच वर्षांत जिल्हा योजनेतून लहान मासेमारी बंदरांवर किती रक्कम ठेवली, किती खर्च झाली, किती परत गेली. आपल्या मुलांपैकी जे कॉलेजात शिकतात त्यांनी असा एक अर्ज लिहून पाहावा. पुस्तकातल्या नागरिकशास्त्रापेक्षा ते अधिक शिकवील.

चौथे. महिला मंडळांनी कोळीवाड्यातल्या भगिनींशी बोलावे. त्यांचा धक्का आणि आपला बाजार ही एकाच वाटेची दोन टोके आहेत. धक्क्यावरच्या नळासाठी त्यांनी एकटीने मागणी केली तर तो त्यांचा प्रश्न राहतो. बाजारातल्या ओट्यासाठी आपण एकट्याने मागणी केली तर तो आपला. दोघींनी एका निवेदनावर सह्या केल्या, तर जिल्हा नियोजन समितीला तो शहराचा प्रश्न म्हणून घ्यावा लागेल.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे वीजदर, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलतींचा मार्ग मोकळा झाला, असे सांगण्यात आले. चांगले झाले. पण शेतीत जसा सातबारा नसलेल्या मजुराला सवलत मिळत नाही, तसेच मासेमारीत होडीचा परवाना नसलेल्या बाईचे होऊ नये, हे पाहावे लागेल. तिच्याकडे कागद नाही. तिच्याकडे पाटी आहे, कोयता आहे आणि पहाटेची गाडी आहे. तिचे नाव यादीत यावे म्हणून पहिला अर्ज कोण लिहून देणार, हे या आठवड्याच्या महिला मंडळाच्या बैठकीत ठरवता येईल.